स्नेहांशाचा आकडा आणि तो काढण्याची रीत

कोकणातील एका लहान औषधनिर्मात्याची हकीकत प्रथम सांगणे आवश्यक वाटते. हे गृहस्थ सात आवर्तनांचे क्षीरबला तैल स्वतः उभे राहून सिद्ध करतात. गायीचे दूध, बलामूळ आणि घाण्याचे तीळतेल यांत ते तडजोड करीत नाहीत, हे आम्ही त्यांच्या पाकशाळेत बसून पाहिलेले आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या खरेदीदाराने त्यांचा संपूर्ण घाणा परत पाठविला. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल होता. आयोडीन मूल्य खाद्य तीळतेलाच्या किमान मर्यादेपेक्षा बरेच कमी, सबब तेल भेसळीचे, असा त्यावर शेरा होता. गृहस्थांनी आमच्याकडे अहवाल आणून दिला आणि शांतपणे म्हणाले, “पुढच्या खेपेस दूध कमी घालतो, म्हणजे आकडा बसेल.”

हे वाक्य ऐकल्यापासून आम्ही अस्वस्थ आहोत. त्यांचे तेल अशुद्ध नव्हते. त्यात शास्त्राप्रमाणे दूध घातले होते, हाच त्याचा अपराध ठरला.

हिशोब साधा आहे. एक लिटर तीळतेल म्हणजे सुमारे ९१५ ग्रॅम. प्रत्येक आवर्तनास तेलाइतकेच दूध घातले आणि दुधात ४ टक्के स्निग्धांश धरला, तर एका आवर्तनात ४० ग्रॅम दुधाचा स्नेह तेलात उतरतो. सात आवर्तनांत तो २८० ग्रॅम होतो. तीळतेलाचे आयोडीन मूल्य ११० धरले आणि लोण्यातुपाचे ३२ धरले, तर मिश्रणाचे मूल्य ९२ च्या आसपास येते. काही स्नेह कल्कात अडकून वाया जातो, आवर्तनांच्या उष्णतेने मूल्य आणखी थोडे बदलते, ते सोडून देऊ. खाद्य तीळतेलाची किमान मर्यादा याहून बरीच वर आहे. म्हणजे प्रामाणिकपणे सात वेळा दूध घातलेले क्षीरबला या मोजपट्टीवर नापास झालेच पाहिजे, आणि दुधाऐवजी पाणी घातलेले तैल उत्तीर्ण झालेच पाहिजे. प्रयोगशाळेने मोजमाप चुकविले नव्हते. तिने औषधी तेलाला खाण्याच्या तेलाची फूटपट्टी लावली, आणि खरेदीदाराने फूटपट्टी कोणती हे न पाहता फक्त आकडा वाचला. औषधिकोशात ज्या कल्पाची स्वतंत्र मर्यादा दिलेली आहे, तेथे तीच लावली पाहिजे, इतके तरी या व्यवहारात कोणीतरी म्हणावयास हवे होते.

आम्ही त्या गृहस्थांना एक वेगळी चाचणी सुचविली. दुधाच्या स्नेहात ब्युटिरिक आम्ल असते, तीळतेलात ते नसते. पाण्यात विरघळणारी आणि वाफेबरोबर उडून जाणारी अशी आम्ले रायखर्ट-माइसल मूल्याने मोजतात. शुद्ध तीळतेलात हे मूल्य जवळजवळ शून्य असते, तुपात ते अठ्ठावीसच्या घरात असते. आमच्या परिचयातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी झाली आणि मूल्य शून्याहून स्पष्टपणे वर आले. खोबरेल मिसळल्यानेही हे मूल्य काहीसे वाढते, म्हणून पोलेन्स्के मूल्यही पाहून घेतले. खोबरेलात ते पुष्कळ वर असते, दुधाच्या स्नेहात नसते. तेलात दूध पडले आहे, हे अशा रीतीने तेलाकडूनच वदवून घेता आले. खरेदीदाराने मात्र माल परत घेतला नाही. तो घाणा त्या गृहस्थांच्या स्वतःच्या चिकित्सालयातच हळूहळू संपला.

शेड्यूल टी २००० साली लागू झाल्यापासून आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात प्रयोगशाळांच्या अहवालांची फाइल वाढत चालली आहे. २००७ साली औषधिकोशाच्या दुसऱ्या भागाचा पहिला खंड आला आणि घृत-तैलांसाठी अपवर्तनांक, आम्लमूल्य, साबणीकरण मूल्य, आयोडीन मूल्य, पेरॉक्साइड मूल्य अशी मोजमापे आपल्या दारी आली. ती आली हे योग्यच झाले, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार अशी की, आपण ही मोजमापे पावतीसारखी घेतो आणि फाइलीला लावतो. वैद्याने नाडी पाहताना ज्या कसोशीने पाहावे, त्याच्या शतांश कसोशीनेही आपण हा कागद वाचत नाही.

वनस्पतीतील स्नेहांश मोजणे ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट आहे. बी कुटावे, द्रावकात भिजवावे, द्रावक उडवावे आणि मागे उरलेल्या तेलाचे वजन करावे. जर्मन कृषिरसायनज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनी १८७९ साली यासाठी काचेचे उपकरण बनविले. ते मुळात दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी होते. आज कोणत्याही प्रयोगशाळेत त्यांच्या नावाची ती उंच नळी दिसते. खाली चंबूत द्रावक उकळते, वर थंड होऊन नमुन्यावर ठिबकते, भरले की आपोआप खाली ओघळते आणि पुन्हा वर चढते. सहा-आठ तास हे चक्र चालले की तेल चंबूत जमा होते. युक्ती उत्तम आहे. पण हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर आपल्यासारख्याच पदार्थाला विरघळवते. तेलबियांतील त्रिग्लिसेराइड त्यात छान येते. पेशींच्या पटलांना चिकटलेले फॉस्फोलिपिड आणि ग्लायकोलिपिड त्यात पुरते येत नाहीत.

जवसाचे उदाहरण घ्या, कारण अलीकडे जवसाची पूड व कॅप्सूल बहुतेक दुकानांत असतात. एकाच पोत्यातील जवस आम्ही दोन ठिकाणी पाठविले होते. दोन अहवालांतील स्निग्धांशात तीन-चार टक्क्यांचे अंतर पडले. आमच्या दुकानदार मित्राने लगेच एका प्रयोगशाळेला लबाड ठरविले. चौकशीअंती कळले की दोघेही खरे बोलत होते. एकाने बियांतील ओलाव्यासह टक्केवारी दिली होती, दुसऱ्याने ओलावा वजा करून दिली होती. ओलावा ८ टक्के असेल तर ओल्या वजनावरचे ३८ टक्के हे कोरड्या वजनावर ४१.३ टक्के होतात. कागदावर कोणत्या वजनावर, हे दोघांनीही लिहिले नव्हते. त्याखेरीज पूड किती बारीक केली, हाही प्रश्न उरतोच. भरड कुटलेल्या जवसाच्या कणात द्रावक पोचत नाही, आणि आत राहिलेले तेल अहवालात उमटत नाही.

शैवालाच्या बाबतीत तर हा गोंधळ अधिक खोल आहे. स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्या आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानांत आहेत. तिला लोक शैवाल म्हणतात, काटेकोरपणे ती सायनोबॅक्टेरिया गटातील आहे. तिच्या पत्रकावर ‘स्नेह अमुक टक्के, त्यात गॅमा लिनोलेनिक आम्ल’ असे मोठ्या अक्षरांत असते. हीच पूड सॉक्स्लेटमध्ये हेक्झेनने काढली तर आकडा फारच थोडा येतो, आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढली तर कित्येक पटींनी मोठा येतो. कारण तिच्यात तेलबीसारखा तेलाचा साठा नसतो. तिचा जवळजवळ सगळा स्नेह प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पटलांत, ग्लायकोलिपिडांच्या रूपात गुंतलेला असतो, आणि गॅमा लिनोलेनिक आम्लही मुख्यतः तेथेच असते. हेक्झेन त्या दाराशी थबकते.

क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची रीत फोल्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली प्राण्यांच्या ऊतींसाठी प्रसिद्ध केली. ब्लाय आणि डायर यांनी १९५९ साली कॅनडातील हॅलिफॅक्स येथे कॉड माशाच्या मांसासाठी तिचे कमी द्रावकाचे रूप दिले. पुढे जगभर धान्य, पाने, शैवाल असा कोणताही नमुना असला तरी लोकांनी हीच रीत उचलली. माशाच्या मांसात पाणी पुष्कळ आणि स्नेह थोडा असतो, रीत त्याला जुळलेली आहे. स्नेह दोन टक्क्यांहून जास्त असला की ब्लाय-डायर रीतीने आकडा कमी येऊ लागतो आणि जितका स्नेह अधिक तितकी तूट अधिक, हे २००१ साली समुद्री नमुन्यांवर तुलना करून दाखविले गेले. कोरड्या पुडीवर ती जशीच्या तशी लावली, आधी ओलावा मोजून पाण्याचे प्रमाण जुळविले नाही, तरी घोटाळा होतो. शिवाय क्लोरेलासारख्या एकपेशीय शैवालाची पेशीभित्ती इतकी चिवट असते की बारीक मण्यांबरोबर हलवून ती फोडावी लागते. ती न फोडता भिजत ठेवलेली पूड म्हणजे कवटी न फोडता नारळ चाखण्यासारखे आहे.

दुसऱ्या टोकाची चूक अशी. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये स्नेहाबरोबर हरितद्रव्य, कॅरोटिनॉइड, थोड्या साखरा आणि क्षारही उतरतात. साखरा व क्षार मीठपाण्याच्या धुण्याने जातात, हरितद्रव्य जात नाही. द्रावक उडवून जे वजन मिळते त्यात ते स्नेह म्हणून मोजले जाते. ज्या पुडीत खरा स्नेह सहा-सात टक्के आहे, तेथे एक टक्का हरितद्रव्य ही लहान चूक नाही. म्हणून शैवालाच्या अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत वजनावरची भिस्त कमी केली. अमेरिकेत १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधनतेल काढण्याचा सरकारी कार्यक्रम चालला. पुढे जैवइंधनाची चर्चा पुन्हा वाढली तेव्हा हा प्रश्न नव्याने पुढे आला, कारण तेथे टक्क्या-दोन टक्क्यांवर कारखाना चालणार की बुडणार हे ठरते. आता विश्वासाची रीत म्हणजे पूड तशीच घेऊन आम्ल व मिथेनॉलने तापवावयाची, म्हणजे स्नेह कोणत्याही रूपात असला तरी त्यातील मेदाम्ले मेथिल एस्टर होऊन सुटतात. मग ती गॅस क्रोमॅटोग्राफीवर एकेक ओळखून, आधीच मिसळलेल्या ज्ञात प्रमाणाच्या मेदाम्लाशी ताडून मोजावयाची. येथे हरितद्रव्याच्या वजनाचा प्रश्नच येत नाही. नाईल रेड या रंगाने शैवालातील तेलाचे थेंब चमकवून मोजण्याची झटपट रीतही आहे. कोणत्या टाकीत तेल वाढते आहे हे पाहण्यास ती बरी. जातिभेदाने रंग आत शिरण्याचे प्रमाण बदलते, त्यामुळे खरेदी-विक्रीचा आकडा तीवर ठरवू नये.

चिकित्सकाला याचे काय? स्पिरुलिनात मेदाम्लांच्या रीतीने मोजलेले गॅमा लिनोलेनिक आम्ल सुमारे एक टक्का धरले, तर तीन ग्रॅम पुडीतून रुग्णाला ३० मिलिग्रॅम मिळते. ईव्हनिंग प्रिमरोझ तेलाच्या एक ग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास असते. स्पिरुलिना देण्याची अन्य कारणे असू शकतात, ती देणाऱ्याने द्यावी. परंतु या एका आम्लासाठी ती द्यावयाची असेल, तर रुग्णाच्या खिशाचा विचार करून उत्तर आधी काढले पाहिजे. ते उत्तर काढण्यासाठी पत्रकावरील ‘स्नेह’ हा आकडा उपयोगी नाही, मेदाम्लांचा तक्ता हवा.

हिरव्या पानांविषयीही एक सूचना करतो. पान कुटल्याबरोबर त्यातील फॉस्फोलिपेज नावाचे विकर जागे होते आणि मद्यार्काच्या सान्निध्यात ते फॉस्फोलिपिडांचे रूपच बदलून टाकते. म्हणून जाणते विश्लेषक ताजे पान आधी गरम आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून ते विकर मारतात आणि मगच पुढे जातात. आपल्याकडे नमुना प्लास्टिकच्या पिशवीत, दमट, तीन दिवस कुरियरने प्रवास करून पोहोचतो. त्यावर आलेला आकडा पानाचा म्हणावा की प्रवासाचा?

आणखी एक अडचण आपल्याच पाकाची आहे. आम्लमूल्य काढताना फिनॉफ्थॅलिन टाकून गुलाबी रंग येईपर्यंत क्षार सोडतात. मंजिष्ठेने लाल झालेल्या तेलात तो गुलाबी रंग डोळ्यास दिसतच नाही. त्यात मंजिष्ठेतील रंगद्रव्ये क्षारात स्वतःच रंग बदलतात. विश्लेषक अंदाजाने थांबतो आणि अंदाजाला दोन दशांश स्थळे लावतो. अशा तेलांसाठी विद्युतविभवाने अंत्यबिंदू ठरविण्याची सोय आहे, निदान अल्कली ब्लू हा सूचक तरी वापरता येतो. प्रयोगशाळेला ‘तेल मूर्च्छित आहे, रंग गडद आहे’ हे आपण आधी कळविले पाहिजे. आपण नमुन्यावर ‘तेल, १०० मिली’ एवढेच लिहितो.

आमच्या काही ज्येष्ठ स्नेह्यांचे म्हणणे असे की, हा सर्व खटाटोप परकीय आहे, स्नेहसिद्धीची लक्षणे शार्ङ्गधराने सांगितली आहेत, ती पुरेत. लक्षणांविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे, आणि तो भाबडा नाही. सिद्ध स्नेहाचा कल्क बोटांत वळला असता वात होते आणि अग्नीत टाकला असता तडतडत नाही. ही तडतड म्हणजे राहिलेले पाणी. प्रयोगशाळेतील ओलाव्याच्या चाचणीइतकीच ती खरी आहे आणि पाकशाळेत जागच्या जागी होते. पण ही लक्षणे पाक साधला की नाही हे सांगतात, बाजारातून आलेले तीळतेल कोणते होते हे सांगत नाहीत. शार्ङ्गधराच्या काळी द्रव पॅराफिन नव्हते. आज ते स्वस्त, रंगहीन आणि वासहीन मिळते. तेलात ते मिसळले तर कल्काची वात तशीच होईल. सॉक्स्लेटचा आकडाही खुशाल भरेल, कारण हेक्झेनला खनिज तेल आणि तीळतेल सारखेच प्रिय. ते पकडले जाते साबणीकरण मूल्यात. खनिज तेलाचा साबण होत नाही, त्यामुळे ते मूल्य खाली येते आणि असाबणीय अंश वर जातो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळले गेले, जलशोथाची साथ आली आणि अनेकांचा बळी गेला. त्या तेलाचाही एकूण स्नेहांश निर्दोषच भरला असता.

उलट बाजूने, प्रयोगशाळेच्या भक्तांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या ग्रंथांतील ‘स्निग्ध’ हा गुण आणि हेक्झेनमध्ये विरघळणारा ‘लिपिड’ हे एक नव्हेत. शतावरीच्या मुळात तेल नाममात्रच असते. म्हणून तिला रूक्ष ठरविणारा एक प्रबंध आमच्या हाती आला होता. सुदैवाने तो अजून छापलेला नाही.

तिळाच्या तेलाचे स्वतःचे असे एक चिन्ह आहे, त्याचा उल्लेख येथे करतो. त्यातील सिसॅमोलिनपासून आम्लाच्या संपर्काने सिसॅमॉल होते आणि फरफ्युरलबरोबर ते गडद गुलाबी रंग देते. हीच बॉडुइन चाचणी. वनस्पती तुपात तीळतेल मिसळणे पूर्वी याच कारणाने सक्तीचे होते, म्हणजे गायीच्या तुपात वनस्पती मिसळलेले चटकन ओळखावे. आपल्या लहान पाकशाळांत ही चाचणी, एक साधा अपवर्तनांकमापक आणि आम्लमूल्य व पेरॉक्साइड मूल्याची नळकांडी एवढी सामग्री बसविता येते. क्लोरोफॉर्म मात्र घरगुती जागेत आणू नये. ते काम धूरशोषक कपाट असलेल्या प्रयोगशाळेचेच आहे. पेरॉक्साइड मूल्यावरही एकट्याने विसंबू नये. तेल खूपच खवट झाले की पेरॉक्साइडे मोडून मूल्य पुन्हा खाली येते, आणि जुने तेल नव्याचा आव आणते. जवसतेलात हे फार लवकर घडते. त्याच्यासाठी ॲनिसिडीन मूल्यही मागावे.

आमची संघटनेला विनंती अशी आहे की, सभासदांसाठी नमुन्याबरोबर पाठवावयाचा एक छापील तक्ता करावा. त्यात कल्पाचे नाव, त्यात पडलेली दूध-दह्यासह सर्व द्रव्ये, आवर्तनांची संख्या, आधारतेल आणि पाकाची तारीख असावी. त्याच तक्त्याच्या दुसऱ्या अंगाला प्रयोगशाळेने भरावयाच्या जागा असाव्यात. कोणती रीत, कोणते द्रावक, किती तास, ओल्या वजनावर की कोरड्या, किती वेळा मोजले, कोणत्या मानकाशी ताडले, हे तेथे लिहून यावे. या जागा रिकाम्या ठेवून येणाऱ्या अहवालाचे शुल्क देऊ नये, असे आमचे मत आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना यात जड काही नाही. ही माहिती त्यांच्या वहीत असतेच, आपण मागत नाही म्हणून कागदावर येत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीचा खर्च एकट्या लहान औषधनिर्मात्याला परवडत नाही. जिल्ह्यातील आठ-दहा जणांनी नमुने एकत्र करून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे एकाच दिवशी दिले, तर तो खर्च वाटून घेता येईल. काही जण म्हणतील, दुसऱ्याच्या नजरेस आपले तेल कशाला? नमुन्यांवर नावाऐवजी क्रमांक घातले तर ही शंका उरत नाही.

दुधाच्या तैलांपुरती आणखी एक गोष्ट. क्षीरबला, किंवा दूध पडणारे दुसरे कोणतेही तैल, खाद्यतेलाच्या मर्यादेवर नापास झाल्याचे अहवाल इतर सभासदांकडेही असतील. त्यांनी प्रती, आधारतेलाची पावती आणि दुधाचे प्रमाण यांसह संपादकांकडे पाठवाव्यात. असे दहा-पंधरा अहवाल एकत्र झाले, तर दुधासह पक्व केलेल्या तैलांच्या मर्यादा पुन्हा तपासाव्यात, असे निवेदन औषधिकोश समितीकडे पुराव्यासह देता येईल. कोकणातील त्या गृहस्थांनी आपला अहवाल आमच्याकडे सुपूर्द केला आहे. या पावसाळ्यानंतर ते पुढचा घाणा घालणार आहेत, आणि दूध किती घालावे हे त्यांनी अद्याप ठरविलेले नाही.